चिमूटभर प्लुटोनियम आणि एक सोयरीक



गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाची बैठक आटोपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि एक मावशी मागं थांबल्या. त्यांच्या लेकीला स्थळ आलं होतं. मुलगा आयटीआय झालेला, घरी अडीच एकर ऊस, निर्व्यसनी. सगळं जुळत होतं. पण मुलाची नोकरी अणुप्रकल्पात, ठेकेदाराकडं. तीही अशा विभागात, जिथं अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळं काढतात. भावकीतल्या कुणीतरी सांगितलं की तिथं काम करणाऱ्याला मूलबाळ होत नाही आणि तो पन्नाशी बघत नाही. मावशी म्हणाल्या, "ताई, तू बीए झालीयास, तुला ठावं असंल. ते प्लुटोनियम म्हंजे हाय तरी काय? एवढं सांग, मग मी बघते हो म्हणायचं का न्हाई ते."

मला ठाऊक नव्हतं. माझा बीएचा विषय इतिहास. पण मावशींचा प्रश्न टाळण्यासारखा नव्हता, म्हणून महिनाभर वाचत बसले आणि तालुक्याच्या एका निवृत्त रसायनशास्त्राच्या सरांना छळलं. त्यातून जे हाती लागलं ते आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे प्लुटोनियम खाणीत मिळत नाही. निसर्गात ते नावापुरतंच आहे. माणसानं ते तयार केलं, आणि त्याला अजून शंभर वर्षंही झालेली नाहीत. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथं ग्लेन सीबोर्ग, एडविन मॅकमिलन, जोसेफ केनेडी आणि आर्थर वाल यांनी युरेनियमवर यंत्रातून वेगवान कणांचा मारा केला आणि १९४१ च्या फेब्रुवारीत त्यातून नवं मूलद्रव्य निघाल्याची खात्री पटवली. युरेनियमचं नाव युरेनस ग्रहावरून, त्याच्या पुढच्याचं नेपच्यूनवरून नेपच्युनियम, म्हणून हे प्लुटोवरून प्लुटोनियम. प्लुटो हा रोमन लोकांचा पाताळाचा देव. नाव ठेवताना त्यांच्या मनात ग्रहच होता, पण पुढं जे घडलं ते बघता नाव शोभलं म्हणायचं.

तयार झालं खरं, पण दिसत नव्हतं. ते आहे हे फक्त यंत्राच्या टिकटिकीवरून कळायचं. शेकडो पौंड युरेनियमच्या क्षारावर आठवडेच्या आठवडे मारा करायचा आणि त्यात कुठंतरी प्लुटोनियमचे कण विखुरलेले असायचे. ते गोळा कसे करायचे?

इथं फ्लोराईड आलं. आणि ही युक्ती आपल्या गुऱ्हाळावरच्या कुठल्याही बाईला पटकन समजेल. काहिलीत रस उकळत असताना आपण रानभेंडीचं पाणी घालतो. भेंडीचा चिकटा रसातली घाण स्वतःला लपेटून घेतो, मळी होऊन वर येतो आणि आपण ती झाऱ्यानं काढून टाकतो. शास्त्रज्ञांनी भेंडीच्या जागी लँथॅनम नावाच्या धातूचं फ्लोराईड वापरलं. ते पाण्यात विरघळत नाही, गाळ होऊन तळाशी बसतं आणि बसताना प्लुटोनियमला सोबत घेऊन जातं. पण इतरही नको ते पदार्थ त्याच्याबरोबर खाली बसतात. मग काय करायचं? प्लुटोनियमचा एक गुण असा की द्रावणात ते अनेक रूपांत राहू शकतं. एका रूपात निळं-जांभळं, दुसऱ्यात तपकिरी, आणखी एकात गुलाबी, आणखी एकात पिवळट-नारिंगी. यातल्या खालच्या रूपांत ते फ्लोराईडच्या गाळाबरोबर बसतं, वरच्या रूपात बसत नाही, पाण्यातच राहतं. म्हणून पहिल्या वेळी ते खाली बसवायचं. तो गाळ विरघळवून प्लुटोनियमचं रूप बदलायचं आणि पुन्हा गाळ पाडायचा. आता घाण खाली जाते, प्लुटोनियम वर राहतं. मग रूप परत पहिल्यासारखं करून त्याला एकट्याला खाली बसवायचं. सरांनी हे सांगितलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, ही तर तीनदा काढलेली मळी झाली.

या रीतीनं शिकागो विद्यापीठाच्या जोन्स प्रयोगशाळेत, ४०५ नंबरच्या छोट्याशा खोलीत, बरिस कनिंगहॅम आणि लुई वर्नर यांच्या हाती २० ऑगस्ट १९४२ ला प्लुटोनियमचं शुद्ध फ्लोराईड लागलं. माणसाच्या डोळ्याला दिसलेलं पहिलं प्लुटोनियम ते हेच. १० सप्टेंबरला त्यांनी त्याचं ऑक्साईड करून तोललं. वजन भरलं २.७७ मायक्रोग्रॅम. मोहरीच्या एका दाण्याचे हजार भाग करा, त्यातला साधारण एक भाग. तेवढ्यासाठी वेगळा तराजू बनवावा लागला होता. पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४३ मध्ये, प्लुटोनियमच्या फ्लोराईडचा कण बेरियम धातूबरोबर भट्टीत तापवून पहिल्यांदा प्लुटोनियमचा शुद्ध धातू काढला गेला.

हे सगळं चाललं होतं ते महायुद्धात, बाँबसाठी. २ डिसेंबर १९४२ ला शिकागोतच जगातली पहिली अणुभट्टी पेटली, आणि भट्टीत युरेनियम जळताना प्लुटोनियम आपोआप तयार होतं हे त्यांना माहीत होतं. त्या भट्टीच्या चमूत एकच बाई होती, लिओना वुड्स, वय २३. पुढं वॉशिंग्टन राज्यात हॅनफर्ड इथं मोठ्या भट्ट्या उभ्या राहिल्या तेव्हा तिच्यासाठी तिथं वेगळं स्वच्छतागृह बांधावं लागलं. हॅनफर्डला आधी शेतकऱ्यांची गावं होती आणि कोलंबिया नदीवर मासे धरणारे मूळचे वानापम लोक होते. १९४३ साली सरकारनं त्यांना थोड्या दिवसांची मुदत देऊन उठवलं. आपल्या धरणग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको. त्या हॅनफर्डच्या भट्ट्यांतून निघालेलं सहाएक किलो प्लुटोनियम ९ ऑगस्ट १९४५ ला नागासाकीवर पडलं. वर्ष संपेपर्यंत सुमारे ७० हजार माणसं मेली.

आता मावशींच्या प्रश्नाशी थेट जोडलेला एक काळा भाग सांगते. प्लुटोनियम अंगात गेलं तर काय होतं, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. ते शोधायला अमेरिकेत १९४५ ते १९४७ या काळात १८ रुग्णांना प्लुटोनियमचं इंजेक्शन दिलं गेलं. त्यात बायकाही होत्या. आपल्या अंगात काय टोचलं जातंय हे त्यांना सांगितलं नाही. पहिला होता एब केड, बांधकामावरचा कृष्णवर्णीय मजूर, मोटार अपघातात हाडं मोडली म्हणून दवाखान्यात आलेला. ही गोष्ट जवळजवळ पन्नास वर्षं फायलींत दडून राहिली. ती बाहेर काढली एका बाईनं. आयलीन वेल्सम या वार्ताहरानं १९९३ साली न्यू मेक्सिकोतल्या एका वर्तमानपत्रात त्या रुग्णांची नावं-गावं शोधून लेखमाला लिहिली. त्या वेळी अमेरिकेच्या ऊर्जामंत्रीही बाईच होत्या, हेझल ओलिअरी. त्यांनी सरकारी कागद खुले करायला लावले. १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली. माफी ऐकायला त्या अठरांतलं कुणी उरलं नव्हतं.

आता आपल्याकडं येऊ. मुंबईत चेंबूरच्या पलीकडं ट्रॉम्बेचा डोंगर आहे. एका बाजूला खाडी, जवळ कोळीवाडा. तिथं १९५४ साली डॉ. होमी भाभा यांनी अणुशक्तीचं केंद्र सुरू केलं. भाभा १९६६ च्या जानेवारीत विमान अपघातात गेले, त्यानंतर त्याचं नाव भाभा अणुसंशोधन केंद्र झालं. ४ ऑगस्ट १९५६ ला तिथं अप्सरा ही आशियातली पहिली अणुभट्टी सुरू झाली आणि १० जुलै १९६० ला सायरस. सायरस कॅनडानं दिली होती, तिच्यातलं जड पाणी अमेरिकेचं. वापर शांततेसाठीच करायचा, असा शब्द आपण दिला होता.

या सायरसच्या इंधनातून प्लुटोनियम काढण्यासाठी भाभांनी ट्रॉम्बेलाच कारखाना काढायचं ठरवलं. त्या कामाचं नाव फिनिक्स. राखेतून उठणारा पक्षी. बांधकाम १९६१ ला सुरू झालं, प्रमुख होमी सेठना. हे मुंबईचे पारशी रसायन अभियंता. भारतानं आधी असलं काही केलेलं नव्हतं. १९५५ साली जिनिव्हाला जागतिक परिषद झाली होती, तिचे अध्यक्ष भाभाच होते, आणि तिथं मोठ्या देशांनी या रीतीची बरीच माहिती खुली केली होती. तिच्या आधारावर आपल्या तरुण अभियंत्यांनी कारखाना उभा केला. १९६४ मध्ये तो चालू झाला आणि २२ जानेवारी १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी त्याचं उद्घाटन केलं.

काम कसं चालायचं ते सांगते. भट्टीतून निघालेले युरेनियमचे गज आधी महिनोन्महिने पाण्याच्या हौदात थंड करायचे. मग नायट्रिक आम्लात विरघळवायचे. आपल्या हुपरीच्या चांदी कारागिरांना हे आम्ल चांगलं परिचयाचं आहे. त्या आम्लात युरेनियम, प्लुटोनियम आणि भट्टीत तयार झालेला जहाल किरणोत्सारी कचरा असं तिन्ही एकत्र असतं. त्यात ट्रायब्यूटाईल फॉस्फेट नावाचा पदार्थ रॉकेलसारख्या तेलात मिसळून घुसळायचा. तेल आणि पाणी एक होत नाही, हे आपण रोज बघतो. घुसळून ठेवलं की युरेनियम आणि प्लुटोनियम वरच्या तेलात जातं, कचरा खालच्या आम्लात राहतो. पुढं तेलातून प्लुटोनियम वेगळं काढायचं, तेही त्याचं रूप बदलूनच. बोलायला सोपं, पण हे सगळं जाड काँक्रीटच्या भिंतीआड करावं लागतं, कारण विरघळलेल्या इंधनाजवळ माणूस थोडा वेळही उभा राहू शकत नाही. एवढं करून मिळतं किती? सायरससारख्या भट्टीच्या एक टन इंधनातून जेमतेम किलोभर. कारखान्याची ताकद होती वर्षाला ३० टन इंधन हाताळायची. काही वर्षांनी तो बंद ठेवून, आतली किरणोत्सारी घाण धुऊन काढून, वाढवून पुन्हा चालू करावा लागला.

मग फ्लोराईडचं काम शेवटच्या पायरीला. प्लुटोनियमचा धातू करायची जगात रुळलेली रीत अशी की त्याच्या ऑक्साईडवर हायड्रोजन फ्लोराईडचा वायू सोडून टेट्राफ्लोराईड करायचं, फिकट तपकिरी पूड. ती कॅल्शियम धातूबरोबर बंद मुशीत पेटवायची. कॅल्शियम, म्हणजे आपल्या चुन्यातला धातू, फ्लोराईड ओढून घेतं आणि प्लुटोनियम वितळून तळाशी जमतं. वर उरतं ते कॅल्शियम फ्लोराईड. यातली गंमत बघा. फ्लोरिन ज्या खनिजातून येतं, ते फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम फ्लोराईडच. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला ते सापडतं. दगडातून निघालेलं फ्लोरिन एवढा फेरा मारून पुन्हा दगडच होतं. आणि हेच फ्लोराईड चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या काही विहिरींत लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं की पोरांचे दात पिवळे-तपकिरी पडतात, म्हाताऱ्यांची हाडं ताठरतात. टूथपेस्टमध्ये चिमूटभर असलं की तेच दात राखतं.

प्लुटोनियमची आणखीही फ्लोराईडं आहेत. एक जांभळं. दुसरं, हेक्साफ्लोराईड, लालसर तपकिरी आणि फार विचित्र. एवढ्या जड धातूचं असूनही ६२ अंशांला उकळून त्याचा वायू होतो, म्हणजे चहा करताना पाणी उकळतं त्याच्याही कितीतरी आधी. इंधनातून प्लुटोनियम वायूच्या रूपानं उडवून काढायचे प्रयत्न काही देशांनी केले. पण ते टिकत नाही. स्वतःच्याच किरणांनी मोडतं आणि जिथं असेल तिथं नळीत पूड होऊन चिकटून बसतं.

ट्रॉम्बेच्या प्लुटोनियमचं पुढं काय झालं? १९७२ च्या मे महिन्यात त्याच्या ऑक्साईडवर चालणारी एक लहान भट्टी तिथं सुरू झाली, तिचं नाव पूर्णिमा. आणि १८ मे १९७४ ला, सकाळी, राजस्थानात पोखरणला जमिनीखाली स्फोट झाला. त्यातलं प्लुटोनियम सायरसच्या इंधनातलं, ट्रॉम्बेच्या कारखान्यात काढलेलं. सरकारनं त्याला शांततामय स्फोट म्हटलं. कॅनडाला ते पटलं नाही. त्यांनी आपल्याशी अणुसहकार्य तोडलं. मला विचाराल तर दिलेल्या शब्दाचा अर्थ आपण आपल्या सोयीनं लावला, असं माझं मत झालं. आमच्या सरांना हे मान्य नाही. ते म्हणतात, १९६४ च्या ऑक्टोबरात चीननं बाँब फोडला होता, देशानं काय करायचं होतं? त्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही.

मात्र त्याच प्लुटोनियमनं दिवेही लागले. पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या वीजकेंद्राला अमेरिकेचं इंधन मिळेनासं झालं, पुढं फ्रान्सनं काही वर्षं दिलं, आणि १९९० च्या दशकात आपण युरेनियम-प्लुटोनियमच्या मिश्र ऑक्साईडचं इंधन घरीच बनवून तारापूरच्या भट्टीत वापरलं. तमिळनाडूत कल्पाक्कमला १९८५ च्या ऑक्टोबरात सुरू झालेल्या भट्टीचं प्लुटोनियम-युरेनियम कार्बाईडचं इंधन ट्रॉम्बेला बनलं होतं. याच तारापूरला वाढीव भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली, हेही त्याच हिशेबात धरायला हवं.

आता मावशी, तुमचं उत्तर.

प्लुटोनियममधून निघणारे मुख्य किरण अल्फा जातीचे. कागदाचा कपटा त्यांना अडवतो, आपली कातडी अडवते. शेजारी ठेवलं म्हणून ते मारत नाही. पण त्याची बारीक धूळ श्वासातून आत गेली की फुफ्फुसात, हाडांत, यकृतात जाऊन बसते आणि वर्षानुवर्षं आतून मारा करत राहते. त्यातून कर्करोगाचा धोका वाढतो. त्याचा जोर निम्मा व्हायला २४ हजार वर्षं लागतात, म्हणजे आपल्या आयुष्यात तो कमी होणार नाही. म्हणून ते हाताळतात बंद काचेच्या पेटीत, पेटीलाच जोडलेल्या रबरी हातमोज्यांतून. फ्लोराईडच्या पायरीला आणखी एक भानगड आहे. प्लुटोनियमचे अल्फा कण फ्लोरिनवर आदळले की न्यूट्रॉन सुटतात, आणि न्यूट्रॉन हातमोज्याला जुमानत नाहीत. म्हणून त्या पायरीला जास्तीची आडभिंत लागते, आणि पूड जास्त वेळ ठेवत नाहीत.

अमेरिकेत लॉस अलामॉसला १९४० च्या दशकात घाईगर्दीत काम करताना २६ कामगारांच्या अंगात प्लुटोनियम गेलं होतं. त्यांची तपासणी पन्नास वर्षं चालू राहिली. त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण इतर लोकांपेक्षा जास्त निघालं नाही. पण एकाला हाडाचा कर्करोग झाला, जो एरवी फार क्वचित होतो. आपल्याकडं २००३ च्या जानेवारीत कल्पाक्कमच्या अशाच कारखान्यात सहा कर्मचाऱ्यांना मर्यादेपेक्षा जास्त किरणोत्सार बसला. तेव्हा काहीच होत नाही असंही नाही, आणि भावकी म्हणते तसंही नाही. कामगाराला पाच वर्षांत सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० ही आपल्या देशातली मर्यादा. माती, हवा, आकाशातून आपल्या सगळ्यांनाच वर्षाला दोन-अडीच बसतात. पुरुषाच्या मूल होण्याच्या शक्तीवर तात्पुरता परिणाम दिसायलाही वर्षाच्या मर्यादेच्या सात-आठ पट मात्रा एकदम बसावी लागते.

म्हणून मी मावशींना म्हटलं, मुलगा कुठं काम करतो हे विचारून भागणार नाही. त्याला विचारा, छातीला बिल्ला मिळतो का, त्याचा आकडा किती येतो, आणि लघवीची तपासणी होते का. मावशींनी माझ्यासमोरच फोन लावला. मुलगा आधी गडबडला. बिल्ला मिळतो, लघवी तपासतात, पण आकडा ठेकेदारानं कधी सांगितला नाही, आणि आपणही कधी विचारला नाही, म्हणाला. मावशी म्हणाल्या, "मग आता इचार की. तुझाच हाय न्हवं त्यो?"

पंधरा दिवसांनी त्यानं कागदाचा फोटो पाठवला. तीन वर्षांचे आकडे, एकही २ च्या वर नाही. मावशींनी तो फोटो भावकीतल्या त्या माणसाला दाखवला की नाही, ते मी विचारलं नाही. लेकीनं मात्र तो मोठा करून नीट वाचला आणि आईला म्हणाली, "त्यांचा कागद आपण बघितला. आता माझ्या हिमोग्लोबिनचा कागद त्यांना दावायचा का?"

तिचं हिमोग्लोबिन गेल्या शिबिरात साडेनऊ निघालं होतं. सध्या गोळ्या चालू आहेत.